गुनवोर मॅडम आणि सात नंबर

"सात नंबर खोटं बोलत नाही," काचेच्या केबिनमध्ये गुनवोर मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. "बाकीचे सहा जण मला बरं वाटावं म्हणून उत्तरं देतात. हा एकटाच खरं सांगतो."

मी दाराबाहेर कागद घेऊन उभी होते. नुकतेच प्रिंटरमधून निघालेले कागद गरम होते आणि माझे हात गार पडले होते. कारण सात नंबर नावाचा माणूस नव्हताच. त्याची सगळी उत्तरं मी लिहिली होती.

त्यांनी मला पाहिलं आणि आत बोलावलं. मी कागद ठेवले, "थँक यू मॅडम" म्हणाले आणि बाहेर आले. खरं तर आभार त्यांनी मानायचे होते. घाबरले की मी कुणाचेही आभार मानते.

गुनवोर मॅडम नॉर्वेच्या. वय साठीच्या पुढे. उंची इतकी की दार कितीही उंच असलं तरी आत येताना सवयीने मान खाली घालायच्या. वाक्यरचना आणि अर्थ हा त्यांचा विषय. माणूस वाक्य कसं बांधतो आणि ऐकणाऱ्याला त्यातून नेमकं काय कळतं, यावर त्यांनी आयुष्य घालवलं होतं. पंचवीस वर्षं तिकडच्या विद्यापीठात शिकवलं. मग त्यांचा विभाग दुसऱ्या मोठ्या विभागात मिसळून टाकला गेला आणि त्या दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या कंपनीत आल्या. कंपनी एक फोनलाइन तयार करत होती. साइटवरच्या कामगाराने आपल्या भाषेत तक्रार सांगायची आणि मशीनला ती कळायची, अशी कल्पना. उर्दू, मल्याळम, बंगाली, आणि कुणाच्या तरी मनात आलं म्हणून मराठी.

मराठीसाठी मला घेतलं. मी बावीस वर्षांची, शारजात वाढलेली, इंग्लिश मीडियमची. इंटरव्ह्यूत मराठी येतं का विचारल्यावर "यस" म्हणाले आणि घरी येऊन आईला विचारलं, "आई, आपलं मराठी बरोबर आहे का गं?"

"आपलं म्हणजे माझं," आई म्हणाली. "तुझं काय ते तू बघ."

पहिल्या दिवशी मी मॅडमना विचारलं, मी इथे बसू का? त्यांनी एकदम श्वास आत ओढला, ठेच लागल्यावर ओढतात तसा. मी उभीच राहिले. पुन्हा विचारलं. पुन्हा तसाच श्वास. मग त्या हसल्या. त्यांच्या गावाकडे, नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, लोक "हो" श्वास आत घेतघेतच म्हणतात. दोन वर्षं मी तो "हो" ऐकला, पण सवय झाली नाही. दर वेळी वाटायचं, यांना काहीतरी कळलं.

त्यांची काम करायची पद्धत अशी. एका कार्डावर एक वाक्य. ते वाक्य ज्याची भाषा आहे त्याला दाखवायचं आणि विचारायचं, असं म्हणतात का? नाही म्हणाला तर वाक्याच्या डोक्यावर पेन्सिलीने एक चांदणी. चांदणी मिळालेलं कार्ड त्या वेगळ्या डब्यात जपून ठेवायच्या, बाकीची कार्डं रबरबँड लावून कुठेही पडलेली असायची. "हो स्वस्त असतो," त्या म्हणायच्या. "हो मला चहावालाही देतो. मला नाही हवा." आणि प्रत्येक वाक्याला त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. हे कोण म्हणेल? कुणाला? केव्हा?

हे तीन प्रश्न त्या माणसांनाही विचारायच्या. २००८ संपता संपता ऑफिसातली टेबलं रिकामी व्हायला लागली. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून रविवारी आलं की कळायचं, गुरुवारी कोण गेलं. व्हिसा कॅन्सल झाल्यावर देश सोडायला महिनाभर. त्या महिन्यात माणसं फर्निचर विकायची आणि मुलांचे शाळेचे दाखले काढायची. शारजातल्या आमच्या अल मजाजच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या भिंतीवर सोफा, फ्रिज, झुला असल्या चिठ्ठ्यांचा थर साचला होता. तेव्हा मॅनेजरने सगळ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे कुणाला काढलं जाण्याची अपेक्षा नाही, इन्शाल्ला.

मॅडम मागे बसून विणत होत्या. मीटिंगमध्ये त्या नेहमी विणायच्या. सुया न थांबवता त्यांनी विचारलं, "अपेक्षा कुणाची?"

"म्हणजे?"

"अपेक्षा नाही म्हणालात. तुमची नाही, मालकांची नाही, की आमची नाही?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मॅनेजर पाणी प्यायला. पुढच्या गुरुवारी बंगालीचं काम बघणारी दोन्ही मुलं गेली.

त्याच सुमारास बाबांची नोकरी गेली. ते व्हिजिट व्हिसावर राहून दुसरी शोधायला लागले. घरात माझा एकटीचा पगार, आणि माझा व्हिसा कंपनीचा. आईने मला काही म्हटलं नाही. फक्त सकाळी माझी कार लिफ्ट, म्हणजे ऑफिसला नेणारी महिन्याच्या वर्गणीची गाडी, यायच्या आधी दहा मिनिटं ती गॅलरीत जाऊन उभी राहायला लागली, गाडी चुकू नये म्हणून.

आता सात नंबरबद्दल.

मॅडमना मराठी बोलणारी सात माणसं हवी होती. नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर, त्यांचा तो नियमच होता. माणसाने मोकळेपणी बोलावं म्हणून. दुसरा नियम, जो विचारतो त्याने स्वतः उत्तर द्यायचं नाही. सहा जण मला ओळखीतले मिळाले, पुण्यामुंबईच्या काकू आणि काका. त्यांनी मला चहा दिला, वाक्यं वाचली आणि शाळेतल्या पेपरसारखी सोडवली. एक काकू म्हणाल्या, "लिही हो, आमच्याकडे सगळे शुद्धच बोलतात."

सातवा माणूस कामगार हवा होता. त्याच्यासाठीच तर ती फोनलाइन. मी अल कुसैसला गेले. गोदामांच्या रस्त्यावर शिफ्ट सुटलेली होती, पंधरावीस माणसं कट्ट्यावर बसली होती आणि त्यांचं बोलणं रस्त्यापलीकडे मला ऐकू येत होतं. कोकणातलं मराठी, आईच्या माहेरचं. मी पॅड छातीशी धरून वीस मिनिटं उभी राहिले. रस्ता ओलांडला नाही. आपण तोंड उघडलं की हे हसतील, असं वाटत राहिलं. मग कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात जाऊन इकडचा कडक, दुधाळ करक चहा मागवला आणि साठ वाक्यांची उत्तरं स्वतः लिहिली. मॅडमनी विचारलं तर सांगायला एक नोकरीही ठरवली. कोल्ड स्टोरेजमध्ये काम, गाव गुहागरकडे.

काकूंसमोर जे मराठी मी कधीच बोलले नसते, ते सगळं मी त्या माणसाच्या तोंडी घातलं. तो माझ्यासारखा अडखळत नव्हता. त्याला कशाचीच लाज नव्हती.

मॅडमचा आयुष्यभराचा प्रश्न एकच होता. जे आपण पाहिलेलं नाही, त्याबद्दल माणूस कसा बोलतो? त्यांच्या कार्डांवर तीन वाक्यं होती. तो पोचला असेल. तो पोचला असावा. तो पोचला असणार. यातल्या कशात खात्री जास्त, हे त्यांना हवं होतं. सहाही जणांनी "असणार" वर बोट ठेवलं. सात नंबरने लिहिलं होतं, "असावा पेपरात लिहितात. असेल मी एकटा असताना म्हणेन. असणार मी बायकोला म्हणेन, ती घाबरली असेल तर. तेव्हा मला स्वतःला काहीच खात्री नसते."

ते वाचून मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "माझे वडील मासेमार होते. वादळात बोट उशिरा यायची. आई खिडकीशी उभी राहून आम्हा पोरांना सांगायची, वळणापाशी पोचलेच असणार. मी तीस वर्षं लिहीत आले की असं बोलणाऱ्याला खात्री असते. आईला खात्री होती का, हे मी कधी विचारलंच नाही."

मी मान हलवली. मला त्या क्षणी सांगता आलं असतं. पण मी व्हिसाचा विचार केला, आणि थँक यू म्हणाले.

त्यानंतर दर आठवड्याला त्या सात नंबरसाठी नवीन कार्डं द्यायला लागल्या. त्यांच्या शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्या नव्याने लिहीत होत्या आणि ते पूर्ण त्याच्या उत्तरांवर उभं होतं. दर गुरुवारी मी अल कुसैसला जायचे, त्याच कॅफेटेरियात बसायचे, लिहायचे. रविवारी मॅडम विचारायच्या, "बरा आहे ना तो? त्याची नोकरी आहे ना?" एकदा विचारलं, "कोल्ड स्टोरेजमध्ये पायात काय घालतो?" मी म्हटलं, साधे मोजे. त्या अस्वस्थ झाल्या. "पहिले पाय जातात," म्हणाल्या. "मी लहानपणी फिश फॅक्टरीत काम केलंय." पुढच्या मीटिंगपासून त्यांच्या सुयांवर राखाडी लोकरीचा मोजा दिसायला लागला.

एका शनिवारी आईने त्यांना जेवायला बोलावलं. आई त्यांना गुणवंताबाई म्हणायची, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. दुपारचे दोन वाजून गेले होते. बाबा सकाळी जबल अलीला एका इंटरव्ह्यूला गेले होते आणि फोन लागत नव्हता.

"घ्या गुणवंताबाई, अजून एक पोळी."

"नाही," मॅडम मराठीत म्हणाल्या, अगदी स्पष्ट.

आईने पोळी वाढली.

"तुझी आई नाही ऐकत नाही," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. "मी हे काम तुमच्या घरात केलं असतं तर माझ्या डब्यात एकही कार्ड जमलं नसतं."

मी आईला सांगितलं. "जेवताना कसलं नाही," आई म्हणाली. तिने पुन्हा फोन लावून पाहिला आणि ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उशीर होतोय म्हणजे काम झालं असणार त्यांचं."

ती उठून गॅलरीतून खाली डोकावून आली. मॅडमचा घास तसाच हातात राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सात नंबरसारखंच," त्या म्हणाल्या.

"बरेच लोक तसं म्हणतात, मॅडम," मी म्हणाले. त्यांनी श्वास आत ओढून हो म्हटलं आणि पोळी संपवली. चारला बाबा आले. काम झालं नव्हतं.

२००९च्या जूनमध्ये कळलं की आमचं सबंध युनिट बंद होणार. मॅडमचं परतीचं तिकीट निघालं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मोजे झालेत. मी स्वतः नेऊन देणार. त्याचे आभार मला तोंडाने मानायचेत."

"मॅडम, तिथे बायकांना आत सोडत नाहीत."

"मी बाहेर थांबेन."

"फार ऊन आहे."

"टोपी घालते."

टॅक्सीत मी ड्रायव्हरला रस्ता सांगत होते आणि आपण कुठे चाललोय हे मला माहीत नव्हतं. मॅडमच्या मांडीवर कागदी पिशवी. शेवटी एका कोल्ड स्टोरेजची पाटी दिसली आणि मी म्हणाले, इथेच. फाटकाला साखळी होती. वॉचमन खुर्चीतून उठला नाही. "खलास, मॅडम," तो म्हणाला. "कंपनी बंद. सब को भेज दिया."

मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला हात टेकला. भिंत तापलेली होती.

पण भिंतीच्या सावलीत तीनचार माणसं आपापल्या बॅगा घेऊन बसली होती. त्यांतला एक उठला. चाळिशीचा, बारीक, शर्टाच्या खिशात दुमडलेले कागद.

"ताई, कोण पायजे?"

मॅडमनी ते मराठी ओळखलं. पिशवी पुढे करून त्यांनी दोन वर्षांत जमवलेलं सगळं मराठी एकत्र केलं. "माझा माणूस. इथे काम. गुहागर."

"गुहागरचा? नाव काय त्याचं?" त्याने मला विचारलं.

त्याने थोडं थांबून पुन्हा विचारलं, हळू. "ताई, नाव?"

मी त्याच्या चपलांकडे बघत होते. तो किती वेळ माझ्याकडे बघत होता सांगता येणार नाही. मग तो मॅडमकडे वळला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "गेला तो. गावाला. बरा आहे." हाताने विमान उडवून दाखवलं.

मॅडमनी श्वास आत ओढला. डोळ्यांना रुमाल लावला. त्यांनी त्याला विचारलं, तुम्ही कधी जाणार? त्याने खिशातले कागद काढून दाखवले, पासपोर्ट कंपनीकडे आहे म्हणाला, देतील इन्शाल्ला. मी भाषांतर केलं. मॅडमनी पिशवीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी छातीशी घेतली. "हे दुसऱ्याचं आहे," त्या म्हणाल्या, जरा शरमून. "याला सांग, सॉरी." तेही मी भाषांतर केलं.

"असू दे की," तो म्हणाला. आम्ही टॅक्सीत बसताना माझ्या बाजूची काच खाली होती. तो जवळ येऊन फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हातारी चांगली आहे, ताई. तिला फिरवू नका."

शेवटच्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये एकच खोकं उरलं होतं. चांदण्यांचा डबा त्यात सगळ्यांत वर होता. पुस्तकाची फाइल घरी पोचताच प्रकाशकाला जाणार होती. पहिल्या पानावर आभार होते आणि त्यात सर्वांत आधी सात नंबर, कोल्ड स्टोरेज, अल कुसैस.

त्यांनी मला एक पाकीट दिलं. ओळखीच्या एका कंपनीला लिहिलेलं पत्र होतं, अल कुसैसजवळच्याच ऑफिसात जागा होती, लगेच व्हिसा देणार होते. "वाच," म्हणाल्या. मी वाचलं. इतक्या वर्षांत मी पाहिलेली सगळ्यांत विश्वासू सहकारी, असं एक वाक्य होतं. त्याखाली त्यांची सही, निळ्या शाईत, अजून पुरती न वाळलेली.

आई त्या वेळी घरी काय करत असेल ते मला दिसत होतं. लिफ्टमधल्या चिठ्ठ्या दिसत होत्या.

मग त्यांनी ती कागदी पिशवी माझ्याकडे दिली. "त्याच्या गावी पाठवशील ना?"

मी पिशवी घेतली नाही. मॅडम हात पुढे करून तशाच उभ्या राहिल्या, मान जरा वाकवून, जणू समोर एखादं बुटकं दार आहे. मी त्यांच्याशी कधीही इंग्रजीशिवाय बोलले नव्हते. पत्र घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवलं. शब्द आले ते मराठीतच आले, आईच्या माहेरच्या.

"तो गावाला गेला नाय, मॅडम. सात नंबर मीच हाय."